अवघड विषयांसाठी एक खोली

पहिल्या सत्राचा निकाल लागला की जवळपास प्रत्येक महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये तीच चर्चा सुरू होते. मुलांचा पाया कच्चा आहे, मुले वर्गात बसत नाहीत, इंग्रजी समजत नाही, घरी अभ्यासाचे वातावरण नाही. या बोलण्यात तथ्य असते. पण तास झाल्याची घंटा वाजते, चर्चा तिथेच थांबते आणि ज्यांना केटी लागली ते विद्यार्थी जुना विषय पाठीवर घेऊन पुढच्या सत्रात बसतात. कुणी बाहेर क्लास लावतो, कुणी झेरॉक्सच्या दुकानातून ‘आयएमपी’ प्रश्नांचा गठ्ठा आणतो, कुणी कॉलेजच सोडतो. महाविद्यालयाच्या आवारात ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असते, जिमखाना असतो. एखादी गोष्ट समजली नाही म्हणून जाऊन बसावे, विचारावे, चुकावे आणि पुन्हा करून पाहावे, अशी जागा मात्र बहुतेक ठिकाणी नसते.

अध्ययन केंद्र म्हणजे ही जागा. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे अनेक महाविद्यालयांत चालतात, पण ती दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी. इथे विचार आहे तो रोज कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्याचा. त्याच्यासाठी केंद्र काढताना एक निर्णय पहिल्याच दिवशी बरोबर घ्यावा लागतो: केंद्र कच्च्या मुलांसाठी काढायचे की अवघड विषयांसाठी? वरवर पाहता फरक लहान वाटतो. प्रत्यक्षात केंद्र चालणार की नोटीस बोर्डावरच राहणार, हे या एका निर्णयावर ठरते.

अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात उरी ट्राइसमन या तरुण गणित-संशोधकाला हा प्रश्न पडला. कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अडखळत होते. त्याने प्राध्यापकांना कारणे विचारली. उत्तरे आपल्या स्टाफरूममधल्यासारखीच होती: जिद्द कमी, पूर्वतयारी कमी, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमनने ही उत्तरे तपासायचे ठरवले. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून ते अभ्यास कसा करतात, हे तो त्यांच्यात मिसळून महिनोन्‌महिने पाहत राहिला. एकही कारण टिकले नाही. अडखळणारी मुले आपापल्या शाळांमधली हुशार, नाव कमावलेली मुले होती, आणि घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान केले होते.

फरक सापडला तो अभ्यासाच्या पद्धतीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी प्राध्यापकांनी सांगितले तेवढे, आठवड्याला सुमारे ८ तास, नेमाने अभ्यास करत, पण एकट्याने. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. चिनी विद्यार्थी आधी एकेकटे गणिते सोडवत आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. एकाची चूक दुसरा पकडे, कोणते गणित सगळ्यांनाच अडले ते कळे, प्राध्यापकांना नेमके काय हवे असते याचीही देवाणघेवाण होई. एकट्याने बसणाऱ्याला मात्र आपण अडलो ते आपण कमी पडलो म्हणून की गणितच अवघड आहे म्हणून, हे कळायला मार्गच नव्हता. विद्यापीठात मदतीचे वर्ग होते. पण शाळेत पहिल्या नंबरात आलेली मुले ‘कच्च्यांच्या’ वर्गात पाऊल टाकायला तयार नव्हती.

ट्राइसमनने १९७८च्या सुमारास कार्यशाळा सुरू केल्या त्या याच्या नेमक्या उलट भूमिकेतून. या कार्यशाळेत येणे हा मान होता. इथे सोपी गणिते घोटून घेतली जात नसत. वर्गापेक्षा अवघड गणिते दिली जात आणि ती गटाने सोडवायची असत. कार्यशाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल झपाट्याने सुधारले. विद्यार्थी तसेच होते, अभ्यासक्रम तोच होता. बदलली होती ती बसण्याची जागा आणि त्या जागेचा दर्जा.

त्याच दशकात, १९७३ साली, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डिॲना मार्टिन यांनी दुसरा प्रयोग सुरू केला. वैद्यक, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात झाली. मार्टिन यांची मांडणी साधी होती. धोक्यातले विद्यार्थी शोधू नका, धोक्याचे विषय शोधा. ज्या विषयात ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी नापास होतात, काठावर राहतात किंवा विषय सोडून देतात, तो विषय धोक्याचा. त्या विषयाला केंद्राची जोड द्यायची आणि दार त्या वर्गातल्या प्रत्येकाला उघडे ठेवायचे, पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनीलाही. मग तिथे जाण्यात लाज राहत नाही. १९८१मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या पद्धतीची अनुकरणीय उपक्रम म्हणून दखल घेतली. पुढे ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत पोहोचली.

ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्री पॉलिटेक्निकने (आताच्या कॉव्हेंट्री विद्यापीठाने) १९९१मध्ये आणि लफबरो विद्यापीठाने १९९६मध्ये गणित साहाय्य केंद्रे काढली. अभियांत्रिकीला येणाऱ्या मुलांचे गणित कच्चे असते, ही त्यामागची चिंता होती. पुढे केंद्रात कोण येते याची पाहणी झाली तेव्हा दिसले की काठावरच्या मुलांबरोबरच चांगले गुण मिळवणारी आणि आणखी चांगले मिळवू पाहणारी मुलेही मोठ्या संख्येने येत होती. हुशार मुले येतात म्हणून केंद्राची पत वाढते, आणि पत वाढते म्हणून संकोच करणारी मुलेही येतात.

आपल्याकडे काय झाले? विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक अध्यापनाची योजना आणली. हेतू न्याय्य होता आणि निधीही होता. ‘नॅक’च्या स्वयंमूल्यांकन अहवालात महाविद्यालये वर्षानुवर्षे ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ अशी विभागणी करून दोघांसाठी काय केले ते लिहीत आली. त्यातून वर्ग भरले, हजेरीपट झाले, छायाचित्रे निघाली. पण मुलांची नावे यादीत लागली, सगळे तास संपल्यावर वेळ ठरली, आणि सकाळी जे व्याख्यान कळले नव्हते तेच दुपारी पुन्हा दिले गेले. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाचे नाव सगळ्यांसमोर ‘संथ’ म्हणून लागले, तर तो त्या वर्गाकडे फिरकणार नाही. आणि ज्या यादीत जात आणि कच्चेपणा एकाच ओळीत वाचले जातात, ती यादी शिक्षणाने जे पुसायचे तेच गडद करते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी दर्जेदार साहाय्य केंद्रे उभारावीत आणि त्यासाठी पुरेसा निधी दिला जावा, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे केंद्र हवे की नको, हा वाद धोरणाच्या पातळीवर संपला आहे. प्रश्न उरतो तो ते कसे चालवायचे हा. वंचित विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर दार सर्वांना उघडे ठेवणे हाच त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा रस्ता आहे, हे कॅन्सस सिटीच्या अनुभवातून दिसून येते.

सुरुवात एका विषयापासून करावी. गेल्या तीन वर्षांचे निकाल समोर ठेवले की तो विषय आपोआप दिसतो. विज्ञान शाखेत बहुधा गणित किंवा भौतिकशास्त्र, वाणिज्य शाखेत लेखाकर्म किंवा संख्याशास्त्र, कला शाखेत अर्थशास्त्राचा एखादा पेपर किंवा सक्तीचे इंग्रजी. सगळे विषय एकदम घेतले की सहा महिन्यांत समिती उरते आणि केंद्र जाते.

केंद्राचा कणा म्हणजे विद्यार्थी-मार्गदर्शक. हा विषय गेल्याच वर्षी चांगल्या रीतीने सोडवलेले दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी निवडावेत. गुणवत्ता यादीतला पहिलाच हवा असे नाही. जिला विषय अडला होता आणि मग सुटला, तिला वाटेतले खड्डे ठाऊक असतात. कॅन्सस सिटीच्या पद्धतीत मार्गदर्शक त्या विषयाच्या वर्गात पुन्हा बसतो, टिपणे काढतो आणि आठवड्यातून दोन-तीन बैठका घेतो. पुन्हा व्याख्यान द्यायचे नाही, हा नियम कडक असतो. अशी बैठक जवळून पाहिली की हा नियम का, ते कळते.

समजा, भौतिकशास्त्राची बैठक आहे. टेबलाभोवती सहा-सात मुले, मधोमध एक छोटा फळा, आणि खडू दुसऱ्या वर्षाच्या ताईच्या हातात. प्रश्न असा: सरळ वर फेकलेला दगड सर्वांत उंच पोहोचतो, त्या क्षणी त्याचे त्वरण किती? चार-पाच जण एकदम म्हणतात, शून्य. ताई चूक-बरोबर काहीच सांगत नाही. ती विचारते, “का?” एक जण म्हणतो, “तिथं तो थांबतो ना.” “बरं, वेग शून्य झाला. मग पुढच्या क्षणी तो खाली का येतो?” थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मागून आवाज येतो, “गुरुत्वाकर्षणामुळे.” “ते वर पोचल्यावर क्षणभर बंद पडलं होतं का?” आता मुले एकमेकांकडे पाहतात. ताई खडू एका मुलाच्या हातात देते आणि वेग-कालाचा आलेख काढायला सांगते. तो तिरकी सरळ रेघ काढतो. ती काल-अक्षाला छेदून खाली जाते. “या रेघेचा उतार कुठं बदललाय ते दाखव.” त्याला ती जागा सापडत नाही, कारण उतार कुठेच बदललेला नसतो. त्वरण पूर्ण वेळ ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. हे वाक्य शेवटी एक मूलच उच्चारते.

व्याख्यानात हे उत्तर अर्ध्या मिनिटात सांगून झाले असते आणि अर्ध्या वर्गाच्या मनात ‘शून्य’ तसेच राहिले असते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट वेगळ्या बाजूने दिसली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण उतारा मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी आठवड्यानंतर त्यांना मागे टाकले. म्हणून मार्गदर्शकांना प्रशिक्षण द्यायचे ते विषयाचे कमी आणि विचारण्याचे जास्त. प्रश्न विचारून थांबावे किती, खडू कुणाच्या हातात द्यावा, गप्प बसलेल्या मुलीला संकोच न वाटता कसे बोलते करावे, स्वतःला उत्तर येत नसेल तर ‘उद्या सरांना विचारून सांगते’ हे कसे म्हणावे. दोन दिवसांचे शिबिर आणि नंतर दर आठवड्याला प्राध्यापकांबरोबर अर्धा तास, एवढे तरी हवेच.

आता खोली. गावोगावच्या अभ्यासिका आपल्या परिचयाच्या आहेत. तिथे शांतता पाळावी लागते आणि ते योग्यच आहे. अध्ययन केंद्रात मात्र बोलणे हेच काम असते. त्यामुळे ते ग्रंथालयाच्या वाचनकक्षात नको, पण ग्रंथालयाच्या जवळ हवे. तळमजल्यावर, येता-जाता दिसणारे. व्यासपीठ आणि बाकांच्या रांगा नकोत. टेबले, हलत्या खुर्च्या, भिंतीभर फळे, पाठ्यपुस्तकांच्या चार-पाच प्रती आणि गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुरेत. संगणक असला तर उत्तम, नसला म्हणून अडायचे कारण नाही.

वेळ तर जागेहूनही महत्त्वाची. तालुक्याच्या कॉलेजात निम्मा वर्ग एसटीच्या पासवर येतो. पाच वाजता बैठक ठेवली तर गाडी चुकते, आणि गाडी चुकणार म्हटल्यावर मुलींना घरून परवानगी मिळत नाही. अनेकांना दुपारनंतर दुकानात, शेतात किंवा डिलिव्हरीच्या कामावर जायचे असते. म्हणून बैठका दिवसाच्या मधल्या मोकळ्या तासांत हव्यात आणि वेळापत्रक करतानाच त्या त्यात बसवायला हव्यात. तास संपल्यावर जे उरेल ते केंद्राला, अशी वाटणी केली की केंद्र फक्त शहरात राहणाऱ्या मुलांचे होते.

भाषेचा प्रश्न इथे सर्वांत नीट हाताळता येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला त्वरण, संवेग, घसारा हे शब्द आणि त्यामागच्या कल्पना माहीत असतात. अडते ते इंग्रजी नाव आणि लांबलचक इंग्रजी प्रश्न. राज्याच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश तयार केले आहेत. ते कपाटातून काढून केंद्रातल्या टेबलावर यावेत. बैठक मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, मुलांच्या कोणत्याही बोलीत चालावी. उत्तर मात्र शेवटी परीक्षेच्या भाषेत लिहून पाहावे. वर्गात प्राध्यापकाला शंभर मुलांसमोर जे करणे कठीण असते, ते सहा मुलांच्या टेबलावर सहज होते.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. पहिल्या वर्षाचा १२० मुलांचा वर्ग धरू. चार मार्गदर्शक, प्रत्येकाच्या आठवड्याला तीन बैठका, प्रत्येक बैठकीत दहा जण: म्हणजे आठवड्याला १२० जागा. वर्गातले प्रत्येक मूल आठवड्यातून एकदा येऊ शकेल. १२ आठवड्यांच्या १४४ बैठका होतात. त्यात मार्गदर्शकांचे वर्गात बसणे आणि तयारी यांचे तास मिळवले, तरी एका महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात हा आकडा स्नेहसंमेलनाइतकाही जड होऊ नये. या कामाचे पैसे मात्र द्यायलाच हवेत. सेवाभाव म्हणून फुकट मार्गदर्शन मागितले की ज्यांना फुकट काम परवडते, तीच मुले पुढे येतात.

त्यासाठी महाराष्ट्राकडे स्वतःची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, आणि १९४७मध्ये सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिले. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ त्यांच्याच नावाने कमवा आणि शिका योजना चालवते. या योजनेत बागकाम होते, ग्रंथालयातले, कार्यालयातले काम होते. खालच्या वर्गातल्या मुलांना गणित शिकवणे हेही श्रमच आहेत, आणि त्यांतून कमावणाऱ्याचा स्वतःचा विषयही पक्का होतो. कर्मवीरांच्या योजनेला याहून शोभणारे काम क्वचितच सापडेल.

आक्षेप येतील आणि ते ऐकायला हवेत. पहिला आक्षेप गंभीर आहे: प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर कारभार चालला आहे, अशा वेळी विद्यार्थ्यांकडून शिकवून घेणे म्हणजे रिकाम्या जागांवर पांघरूण घालणे नाही का? इतिहास इथे इशारा देतो. १७८९नंतर मद्रासच्या लष्करी अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. १७९७मध्ये लंडनला त्यावर त्यांचे पुस्तक निघाले. जोसेफ लँकेस्टर यांनी तसाच प्रयोग इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर केला, आणि एका शिक्षकात शेकडो मुले शिकवता येतात या स्वस्ताईवर ती पद्धत जगभर पसरली. स्वस्ताईनेच तिचा घात केला. शिकवणे घोकंपट्टीवर आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मागे पडली. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी. मार्गदर्शक विद्यार्थी नवा धडा शिकवणार नाही, परीक्षा घेणार नाही, गुण देणार नाही. ज्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक नाही, त्या विषयाला केंद्र जोडायचे नाही. तिथे आधी जागा भरण्याची मागणी करायची.

दुसरा आक्षेप म्हणजे मुलांना कुबड्या लागतील. केंद्रात तयार नोट्स वाटल्या तर खरेच लागतील. उत्तर न देता प्रश्न विचारणाऱ्या बैठकीत मात्र सगळी मेहनत मुलाचीच असते. कुबड्या हव्या असणाऱ्यांसाठी बाजारात गाइडे मुबलक आहेत; केंद्र नसल्यामुळेच ती खपतात.

तिसरा आक्षेप असा की असे उपक्रम पहिल्या वर्षी गाजतात आणि मग विझतात. ते विझतात कारण ते एका उत्साही प्राध्यापकाच्या खांद्यावर उभे असतात. समन्वयकाला अध्यापनाच्या कार्यभारात सूट हवी, अंदाजपत्रकात वेगळी ओळ हवी आणि विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाने महिन्यातून एकदा तरी टेबलाशी येऊन बसायला हवे. मुले कुठे अडतात हे त्याला उत्तरपत्रिका तपासताना कळते त्याच्या कितीतरी आधी इथे कळेल. पुढच्या वर्षीचे त्याचे व्याख्यान त्यातून बदलेल, आणि हाच केंद्राचा सर्वांत मोठा लाभ ठरेल.

मोजमापही प्रामाणिक हवे. केंद्रात आलेले इतके पास आणि न आलेले इतके नापास, एवढ्यावर पाठ थोपटून घेऊ नये. स्वतःहून येणारी मुले मुळातच जास्त कष्टाळू असू शकतात. बारावीला साधारण सारखे गुण असलेल्या मुलांचीच एकमेकांशी तुलना करावी. किती वेळा आली त्याप्रमाणे निकाल बदलतो का, ते पाहावे. पूर्ण वर्गाचा निकाल आधीच्या तीन वर्षांशी ताडावा. परिणाम दिसला नाही तर तेही अहवालात लिहावे आणि पद्धत बदलावी.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना सांगायचे ते एवढेच: येत्या जूनमध्ये इमारतीची वाट पाहू नका आणि अनुदानाच्या पत्राचीही पाहू नका. सर्वांत जास्त केटी लागणारा एक विषय निवडा. तो शिकवणाऱ्या प्राध्यापकाला विश्वासात घ्या, चार विद्यार्थी निवडा, त्यांना मानधन द्या, एक खोली आणि वेळापत्रकातले मोकळे तास द्या. दारावर विषयाचे नाव लावा आणि वर्गातल्या सगळ्यांना बोलवा. पहिल्या सत्राचा निकाल लागेल तेव्हा स्टाफरूममध्ये मुलांच्या पायाबद्दल अंदाज बांधत बसण्याऐवजी समोर स्वतःच्या महाविद्यालयाची आकडेवारी असेल, आणि दुसरा विषय कोणता घ्यायचा ते तीच सांगेल.